दुसऱ्याचा ‘मी’ आपल्या तोंडून वाचताना

प्रतापनगर, नागपूर : प्रश्न
आमच्या वाचनालयात दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही दहा-बारा जण कविता वाचतो. गेल्या वेळी दलित कवी नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ (१९७२) हा कवितासंग्रह घेतला होता. माझी पाळी आली तेव्हा दोन-तीन ओळींनंतर मी थांबले आणि पुढचे शेजारच्या काकूंनी वाचले. त्या कवितेतल्या ‘मी’ने जे सोसले, त्यातले काहीच माझ्या वाट्याला आलेले नाही, तरीही तो ‘मी’ माझ्या आवाजात खोलीभर ऐकू येत होता. नंतर सगळे गहिवरले, चहा झाला, आम्ही घरी आलो. अन्यायावरची कविता अशी वाचणे हे नागरिक म्हणून काही करणे आहे, की केल्याचे समाधान तेवढे मिळवणे? आणि तो ‘मी’ मी उच्चारावा का?

इंदोरा : प्रतिसाद
ताई, आपण अडखळलात हे मला प्रामाणिकपणाचे वाटते, परंतु पुस्तक दुसऱ्याच्या हाती द्यायला नको होते. आमच्याकडे कविता पुस्तकाआधी गाण्यातून आली. १४ एप्रिलला वस्तीत वामनदादा कर्डकांची गीते सुरू झाली, की ऐकणारा प्रत्येक जण त्यातल्या ‘मी’त सामील असे, त्यामुळे तो कोणाचा हा प्रश्नच उद्भवत नसे. आपल्या खोलीत तो उद्भवतो, आणि तो तिथेच बोलला गेला पाहिजे. आमच्या वाचनात एकदा एक पाहुण्या बाई जातिवाचक शिवीपाशी थांबल्या. बऱ्याच वेळाने त्यांनी सांगितले, की लहानपणी त्यांच्या घरी गल्ली झाडायला येणाऱ्या बाईला याच शब्दाने हाक मारीत, आणि तिचे नाव त्यांना आजही माहीत नाही. त्या दिवशी पुढची कविता आम्ही वाचलीच नाही, कारण बोलण्यासारखे खूप निघाले. गहिवरण्यापेक्षा जीभ कुठे अडते, याकडे लक्ष द्यावे.

महाल : प्रतिसाद
वरील मताशी मी सहमत आहे, तथापि केवळ खोलीतले बोलणे मला अपुरे वाटते. शिक्षक असताना मी दरवर्षी नववीच्या मुलांना सीताबर्डीच्या गोवारी शहीद स्मारकापाशी नेऊन नारायण सुर्वे यांची एक कविता वाचत असे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी, हिवाळी अधिवेशनावर आलेल्या मोर्चातील ११४ गोवारी बांधव चेंगराचेंगरीत मृत्युमुखी पडले, आणि त्यांत बायका व मुले अधिक होती. जवळच्या उड्डाणपुलालाही त्यांचेच नाव आहे, पण त्यावरून रोज ये-जा करणाऱ्या मुलांना ते ठाऊक नसे. कविता संपली की मुले विचारीत, हे लोक मागत काय होते? अनुसूचित जमातीच्या सवलती, हे उत्तर त्या कवितेत नव्हते, ते जुन्या वर्तमानपत्रांत शोधावे लागले. मुलांनी ते शोधले, ही माझ्या नोकरीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट आहे.

प्रतापनगर : मूळ प्रश्नकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. येत्या रविवारी तीच कविता पुन्हा ठेवली आहे आणि या वेळी मी ती शेवटपर्यंत वाचणार आहे. आमच्या भागात झाडायला येणाऱ्या ताईंना बोलवावे असे मनात आले होते, पण आपले दुःख आम्हाला समजावून सांगण्यासाठी त्यांनी सुट्टीचा दिवस का खर्चावा, असे वाटून तो विचार सोडला. इंदोऱ्याचे वाचन कोणत्या दिवशी असते? तिथे मला वाचायचे नाही, मागे बसून ऐकायचे आहे.