मदत हवी आहे: न्यूफाउंडलंडचे मच्छीमार, उधारी आणि मत

मंडळी, एकोणिसाव्या शतकातल्या न्यूफाउंडलंडवर (आज कॅनडात असलेलं बेट, तेव्हाची ब्रिटिश वसाहत) बोलायचंय आणि अडलेय. वसंतात व्यापारी मीठ, पीठ, दोर उधार देई. मोसम संपला की सुका कॉड मासा उचलणार, भावही तोच ठरवणार. रोकड क्वचितच हाती पडे. मासळी लाकडी माचांवर वाळत असे. आभाळ भरून आलं की बायकापोरं झाकायला धावत. (आपले बोंबील आठवले!) १८३२ मध्ये निवडून आलेली विधानसभा मिळाली, १८५५ मध्ये तिला उत्तरदायी मंत्रिमंडळ. पण उधारीची वही व्यापाऱ्याच्याच हातात असेल तर मत कितपत आपलं? १८६९ मध्ये मात्र याच मतदारांनी कॅनडात सामील व्हायचं नाकारलं. सामान्य मच्छीमारांची पत्रं, व्यापाऱ्यांच्या उधारीच्या वह्या कुठे पाहता येतील? तिथल्या राजधानीत, सेंट जॉन्सला, कुणी आहे का?