हरलेल्याला कॉन स्माइथ का नको? (एका टिप्पणीला दिलेले उत्तर, जे हाताबाहेर गेले)

उत्तरध्रुवी (धागाकर्ती) :
कालच्या धाग्यावर फ्लोरिडात राहणाऱ्या फोर्टलॉडरडेलकर यांनी जाता जाता एक वाक्य टाकले : "२०२४ चा कॉन स्माइथ मॅकडेव्हिडला देणे म्हणजे रडणाऱ्या पोराच्या हातावर खडीसाखर ठेवणे होते." (नवख्यांसाठी : बर्फावरच्या हॉकीच्या एनएचएल या लीगमध्ये कॉन स्माइथ हा प्लेऑफमधील, म्हणजे बाद फेऱ्यांतील, सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा चषक. मॅकडेव्हिड हा एडमंटन ऑयलर्सचा कप्तान, आणि २०२४ च्या अंतिम मालिकेत त्याचा संघ फ्लोरिडा पँथर्सकडून ४-३ असा हरला.) मी तिथेच दोन ओळींत उत्तर देणार होते, परंतु दोन ओळींत राग मावेना, म्हणून हा स्वतंत्र धागा.

कॉन स्माइथ हा केवळ अंतिम मालिकेचा मान नसून संपूर्ण प्लेऑफचा मान आहे, एवढे तरी आपण सगळे धरून चालतो असा माझा समज होता. त्या प्लेऑफमध्ये मॅकडेव्हिडने २५ सामन्यांत ४२ गुण (गोल आणि असिस्ट मिळून) मिळवले आणि त्यांत ३४ असिस्ट, म्हणजे गोलाला कारण ठरलेले पास, होते; विक्रमवीर ग्रेट्स्कीचा १९८८ मधील ३१ असिस्टचा विक्रम त्याने मोडला, आणि तोही ग्रेट्स्कीच्याच जुन्या संघाच्या गणवेशात. अंतिम मालिकेत फ्लोरिडाने पहिले तीन सामने खिशात घातले होते. त्यानंतरचा चौथा सामना एडमंटनने ८-१ असा जिंकला, त्यात त्याचा एक गोल आणि तीन असिस्ट. पाचवा सामना सनराइजला जाऊन त्यांच्याच प्रेक्षकांसमोर ५-३ असा जिंकला, त्यात दोन गोल आणि दोन असिस्ट. ०-३ वरून ३-३ पर्यंत अंतिम मालिका ओढत नेणारा त्याआधीचा संघ १९४५ चा डेट्रॉइट, आणि तिथून पुढे कपही (स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचे विजेतेपद) जिंकणारा संघ आजवर एकच, १९४२ चा टोरांटो. सातवा सामना २-१ असा एका गोलाने गेला, म्हणून दोन महिन्यांचा हिशेब पाटीवरून पुसून टाकायचा का?

शिवाय हे पहिल्यांदा घडले असेही नाही. क्रोझियर १९६६, ग्लेन हॉल १९६८, लीच १९७६, हेक्स्टॉल १९८७ आणि जिगेर २००३, हे पाचही जण हरलेल्या संघातलेच होते. लीचच्या फ्लायर्सना तर माँट्रियलने ४-० असे धुतले होते. तरीही त्याच्या १९ गोलांकडे पाहून मान त्यालाच दिला गेला.

माझा मुलगा येथे एडमंटनमध्ये गोलरक्षक म्हणून खेळतो. दोन वर्षांपूर्वी एका स्पर्धेत त्याचा संघ अंतिम सामना हरला आणि उत्कृष्ट गोलरक्षकाचे पदक मात्र त्याला मिळाले. गाडीत बसेपर्यंत ते त्याच्या गळ्यात होते, नंतर दिसले नाही. मार्चमध्ये त्याची हॉकीची बॅग धुवायला काढली (ज्यांनी ती कधी उघडली आहे त्यांना वासाचे वर्णन करून सांगायला नको), तेव्हा तळाशी एका ओल्या मोज्यात गुंडाळलेले पदक हाती लागले, त्याची कडी गंजून मोज्यात रुतली होती. मी ते घासून पुसून फडताळात ठेवले, कारण ते त्याने कमावले होते. मॅकडेव्हिडचेही तसेच आहे.

फोर्टलॉडरडेलकर :
ताई, आपण माझ्या बाजूने एवढा भक्कम पुरावा दिलात याबद्दल आभारी आहे. पदक मोज्यात गुंडाळून बॅगेच्या तळाशी लपवणाऱ्या मुलाला जे समजले, ते मतदान करणाऱ्या पत्रकारांना समजले नाही, एवढेच मला म्हणायचे होते. मॅकडेव्हिड स्वतःदेखील तो चषक घ्यायला बर्फावर परत आला नाही. ज्याला मान दिला त्यालाच तो नको होता, आणि त्याच्या वतीने आपण येथे भांडत आहात.

आता आकड्यांविषयी. सहाव्या सामन्यात त्याचे गुण शून्य, सातव्यात शून्य. सहावा सामना एडमंटनने ५-१ असा जिंकला, म्हणजे त्याच्या गुणांवाचूनही त्यांचे चालले. मालिकेच्या पहिल्या तीन सामन्यांत त्याचा एकही गोल नाही, आणि त्या तीन सामन्यांतच मालिकेचा पाया घातला गेला. त्याला रोखून धरणारा बार्कोव जिंकलेल्या संघाचा कप्तान होता. पहिल्या सामन्यात फ्लोरिडाचा गोलरक्षक बोब्रोव्स्की याने ३२ फटके अडवले आणि एकही गोल होऊ दिला नाही. चौथ्या सामन्यात पाच गोल खाऊन तो बाकावर जाऊन बसला, हे मी आपण सांगण्यापूर्वीच मान्य करतो. परंतु सातव्यात शेवटपर्यंत तोच उभा होता.

२०२५ मध्ये हेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले, फ्लोरिडाने सहा सामन्यांत निकाल लावला आणि १५ गोल करणाऱ्या सॅम बेनेटला कॉन स्माइथ मिळाला. तेव्हा कोणाला लेख लिहावा लागला नाही. खरे दुखणे वेगळे आहे : १९९३ च्या माँट्रियलनंतर कॅनडात कप गेलेला नाही, आणि त्या दुःखावर फुंकर म्हणून वैयक्तिक मान मोजत बसायची सवय लागली आहे.

आकडेमोडे :
मी एडमंटनच्या कट्टर प्रतिस्पर्धी गावात, कॅलगरीत राहतो, त्यामुळे ऑयलर्सची बाजू घेताना माझा हात थरथरतो आहे, याची नोंद घ्यावी. परंतु '१९९३ नंतर कप नाही' हे वाक्य फ्लोरिडातल्या माणसाने उच्चारावे, हे जरा अतीच झाले.

२०२० आणि २०२१ मध्ये टॅम्पा, २०२३ मध्ये व्हेगास, २०२४ आणि २०२५ मध्ये फ्लोरिडा. सहा वर्षांतले पाच कप अशा राज्यांत गेले, जिथे पगारावर राज्याचा आयकर नाही. २०२४-२५ मध्ये प्रत्येक संघाला खेळाडूंच्या एकूण पगाराची मर्यादा सारखीच होती, ८ कोटी ८० लाख डॉलर. वरच्या टप्प्यावर अल्बर्टातल्या खेळाडूला केंद्राचे ३३ आणि प्रांताचे १५ असे ४८ टक्के भरावे लागतात; फ्लोरिडात केंद्राचे ३७ आणि राज्याचे शून्य. फ्लोरिडाच्या राइनहार्टने २०२३-२४ मध्ये ५७ गोल केले, सातव्या सामन्यातला विजयी गोलही त्याचाच, आणि त्यानंतर त्याने वर्षाला ८६ लाख २५ हजार डॉलरवर आठ वर्षांची सही केली. ५७ गोलांचा माणूस एवढ्या स्वस्तात एडमंटनला मिळाला असता का?

माझा भाचा डॅलसला असतो. आमच्या दोघांच्या कामाचे स्वरूप एक, कागदावरचा पगार जवळपास एक. मागच्या दिवाळीत आम्ही दोघांनी पगाराच्या चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, आणि त्यानंतर माझ्या बायकोने फराळाचे ताट माझ्यापुढे जरा आपटूनच ठेवले. मी फक्त हिशेब लिहिणारा माणूस आहे. माझी ही अवस्था, तर कोट्यवधी मिळवणाऱ्याची काय असेल?

फोर्टलॉडरडेलकर :
कॉन स्माइथचा धागा आयकर विवरणपत्रावर कसा पोहोचला, हे कळले नाही. तरी आता आलोच आहोत तर बोलून टाकतो.

फ्लोरिडा पँथर्स १९९३ पासून खेळत आहेत. १९९६ मध्ये ते अंतिम मालिकेत गेले आणि कोलोरॅडोकडून ४-० असे हरले. त्यानंतर थेट २०२२ पर्यंत त्यांनी प्लेऑफची एकही मालिका जिंकली नाही. मी या गावात २००९ साली आलो, तेव्हा तिकिटे अक्षरशः कोणीही घेईना. आमच्या कचेरीत दोन फुकट तिकिटे तीन दिवस कॉफीच्या यंत्राशेजारी पडून होती आणि शेवटी मीच ती उचलली. त्या सर्व वर्षांत फ्लोरिडात राज्याचा आयकर होता काय? नव्हता. नॅशव्हिललाही पगारावर राज्याचा कर नाही, त्यांनी कप कधीच जिंकलेला नाही. डॅलसने एकदाच, १९९९ मध्ये. शिवाय खेळाडू परमुलखात जेथे खेळतो तेथील कर त्याला बहुतेक ठिकाणी भरावाच लागतो, आणि मोसमातले निम्मे सामने परमुलखातच असतात. ही गोष्ट हिशेब लिहिणाऱ्या गृहस्थांनी सोयीस्करपणे वगळली.

आणि राहता राहिली आमची चैन. आयकर नाही म्हणून जो तो बोट दाखवतो. एकदा येऊन घराच्या विम्याचा हप्ता पाहून जा. मागच्या नूतनीकरणाच्या वेळी विमा कंपनीच्या माणसाने माझे छत पाहिले, त्याचे वय विचारले, आणि नंतर जो आकडा सांगितला तो ऐकून मी त्याला दुसऱ्यांदा विचारण्याचे धाडस केले नाही. वादळाच्या दिवसांत खिडक्यांना फळ्या ठोकताना मला तुमच्या अल्बर्टाच्या करांचा हेवा वाटतो, असे म्हटले तर विश्वास बसेल काय?

पहाटवारा :
पुण्यात बसून मी तो सातवा सामना पाहिला. आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू झाला. घरातले झोपलेले, म्हणून आवाज बंद करून पाहत होतो. त्यामुळे राइनहार्टचा गोल झाला तेव्हा मी तोंडावर उशी धरून ओरडलो. येथे लोकांना हॉकी म्हटले की ध्यानचंद आठवतात, आणि त्यात गैर काही नाही. पण 'बर्फावरची' असे प्रत्येक वेळी जोडून सांगण्याचा कंटाळा येतो. कॅनडात पंजाबीतून समालोचन होते, ते मी आवडीने ऐकतो, निम्मे कळत नाही तरीही. मराठीतून कधी होणार, हा प्रश्न विचारायची ही जागा नव्हे, तरी विचारून ठेवतो.

मूळ मुद्द्यावर मी धागाकर्तीच्या बाजूचा आहे, मान योग्य खेळाडूला गेला. परंतु त्याने तो घ्यायला बाहेर यायला हवे होते. कप्तानाने पराभवानंतरही समोर उभे राहायचे असते.

उत्तरध्रुवी :
पहाटवारा, तुमच्याविषयी आदर ठेवून लिहिते, पण 'बाहेर यायला हवे होते' हे पुण्यात उशीला टेकून सांगणे फार सोपे आहे. त्याने रांगेत उभे राहून समोरच्या संपूर्ण संघाशी हस्तांदोलन केले, आणि त्यानंतर तो आत गेला. सामना हरल्यावर समोर उभे राहण्याची हॉकीतली जी रीत आहे, ती त्याने पाळली. जिंकलेल्यांच्या सोहळ्यात मध्यभागी जाऊन फोटो काढून घ्यायचा नाकारला, तर तो उद्धटपणा कसा? तो बाहेर आला असता तर फोर्टलॉडरडेलकर म्हणाले असते, "पाहा, हरूनही मिरवतो आहे."

आणि करांच्या बाबतीत आकडेमोडे यांचे म्हणणे पटत असूनही त्यांना एक सांगणे भाग आहे. एडमंटनचे पहिले मोठे दुःख करांमुळे आलेले नाही. १९८४ ते १९९० या काळात या गावाने पाच कप जिंकले, आणि त्यांतल्या चौथ्या कपानंतर काही आठवड्यांत, ऑगस्ट १९८८ मध्ये, मालकाने ग्रेट्स्कीला पैशांसाठी लॉस एंजेलिसला देऊन टाकले. कॅलिफोर्नियात काय कर कमी आहे? दुसरीकडे मॅकडेव्हिडने ऑक्टोबर २०२५ मध्ये वर्षाला १ कोटी २५ लाख डॉलरवरच, म्हणजे जुन्याच आकड्यावर, आणखी दोन वर्षांची सही केली. त्याला अधिक मागता आले असते, हे सांगायला हिशेबनीस लागत नाही.

आकडेमोडे :
दोनच वर्षांची! आठ वर्षांची का नाही, हे कोणी विचारणार नाही, कारण उत्तर सर्वांना ठाऊक आहे. त्याने दाराला कडी लावली आहे, कुलूप लावलेले नाही.

फोर्टलॉडरडेलकर यांचा नॅशव्हिलचा मुद्दा मी मान्य करतो. त्यांच्या खात्यावर एक गोल लिहितो, अर्थात पॉवर प्लेवर, म्हणजे समोरचा एक खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना, झालेला. परमुलखातल्या सामन्यांच्या कराचेही खरे आहे, त्यामुळे माझा ११ टक्क्यांचा फरक पुरता ११ टक्के राहत नाही. परंतु तो शून्यही होत नाही, आणि पगाराची मर्यादा लागू असलेल्या खेळात उरलेला फरकसुद्धा तिसऱ्या फळीतल्या एका चांगल्या खेळाडूची किंमत असतो. पँथर्स पंचवीस वर्षे हरत राहिले ते त्यांच्या व्यवस्थापनाच्या कर्तृत्वाने. व्यवस्थापन सुधारल्याबरोबर बिनकराचा फायदा कामी आला. कुऱ्हाड घरात होतीच, धार नंतर लावली.

आणि विम्याविषयी आपण जे रडगाणे गायलात, त्यावर एवढेच सांगतो की येथे जानेवारीत उणे तीस अंशांत गाडीला वायर लावून इंजिन गरम ठेवावे लागते. त्या विजेचे बिल मी तुम्हाला पाठवू का?

फोर्टलॉडरडेलकर :
पाठवा, मी माझा हप्ता पाठवतो. कोण आधी रडतो ते पाहू.

रडगाणे हा शब्द मला लागला, हे येथे स्पष्टपणे लिहून ठेवतो. एका वादळात माझ्या शेजाऱ्याचे अर्धे छत उडून आमच्या अंगणात पडले होते. त्या कौलांचे तुकडे मी तीन दिवस वेचत होतो. तुमच्या वायरीची आणि त्याची तुलना करू नये.

असो. धागाकर्तींनी हस्तांदोलनाचे जे लिहिले, ते मी विसरलो होतो. तो आत गेला यावरून जो टोमणा मारला, तेवढा मागे घेतो. ४२ गुणांना मी कमी लेखले नव्हते, आणि लेखता येणारही नाही. लीचच्या १९ गोलांशेजारी ते शोभतात. मात्र खडीसाखर हा शब्द मागे घेणार नाही. फार तर गूळ म्हणा.

उत्तरध्रुवी :
गूळ चालेल. त्याला आमच्याकडे पाहुण्यांच्या हातावर ठेवायचा मान आहे, हे आपण कोकणातले असाल तर ठाऊक असेलच.

हा धागा काल रात्री माझ्या मुलाला मोठ्याने वाचून दाखवला. त्याचे मराठी तोकडे असले तरी आकडे आणि नावे त्याला कळली. पदकाचा मजकूर आला तेव्हा तो वर न पाहता पॅडचे पट्टे ओढत राहिला, आणि शेवटी म्हणाला की मान बोब्रोव्स्कीला मिळायला हवा होता, कारण 'चौथ्या सामन्यात पाच गोल खाऊन परत उभे राहणे जास्त अवघड असते'. मी त्याला आपण कोणत्या गावात राहतो याची आठवण करून दिली. गोलरक्षक गोलरक्षकालाच मत देणार, हे मी आधी ध्यानात घ्यायला हवे होते. पहाटे पावणेसहाला त्याचा सराव आहे, त्यामुळे माझ्याकडून येथे थांबते.

आकडेमोडे :
मुलाला शाबासकी सांगा. आणि बोब्रोव्स्कीच्या त्या वेळच्या, वर्षाला १ कोटी डॉलरच्या करारावर फ्लोरिडात राज्याचा आयकर किती बसला, तेही त्याला जरूर सांगा.