पाळी ३५ दिवसांची असेल तर १४वा दिवस धरायचा का? (आणि माझा रिपोर्ट)

वरणभात_९१:
नमस्कार मंडळी, विषय जरा अवघड आहे पण घरी कुणाला विचारता येत नाही म्हणून इथे टाकतोय. मी ३३, बायको २९, दहा महिने झाले बाळासाठी प्रयत्न चाललेत. तिची पाळी नियमित आहे पण ३४-३५ दिवसांनी येते. मोबाईलमधलं अ‍ॅप बीज सुटायचा दिवस म्हणून पाळीचा १४वा दिवस दाखवतं म्हणून आम्ही १३, १४, १५ हे तीन दिवस परीक्षेसारखे पाळतो आणि बाकी महिना सुट्टी 😅 तरी काही नाही. आई रोज म्हणते हिला एकदा दाखवून आण. मी म्हटलं आधी माझंच तपासू, तर शुक्राणूंचा काउंट ठीक पण मोटिलिटी (हालचाल करणाऱ्यांचं प्रमाण) २४ टक्के, लॅबवाला "कमी आहे" एवढंच बोलला. दीड महिन्यापूर्वी डेंग्यू झालेला, चार-पाच दिवस १०३ ताप होता, त्याचा काही संबंध असेल का? शाळेत हा धडा सरांनी "घरी वाचा" म्हणून सोडून दिलेला, तेव्हा बेसिकपासून सांगितलंत तरी चालेल.

ओपीडीतली_ताई:
दादा, आधी स्वतःची तपासणी केलीत त्याबद्दल शाबासकी, आमच्याकडे बायकोच्या सगळ्या तपासण्या, सोनोग्राफी, गर्भनळ्यांचा एक्सरे सगळं होतं आणि मग कुठे नवरोबा वीर्याची डबी घेऊन येतात.

१४वा दिवस हा २८ दिवसांच्या पाळीचा हिशोब आहे. पाळी सुरू झाली की अंडाशयात दहा-बारा छोट्या पुटकुळ्या वाढायला लागतात, त्यातली एकच पुढे जाते बाकीच्या सुकतात. ही वाढायला कुणाला १३ दिवस लागतात कुणाला २१, फरक पडतो तो इथेच. मग मेंदूखालच्या पिट्यूटरीतून एलएच हार्मोन एकदम उसळतं आणि साधारण दीड दिवसात पुटकुळी फुटून बीज बाहेर पडतं. रिकाम्या पुटकुळीचा पिवळसर गोळा होतो, तो प्रोजेस्टेरॉन सोडून गर्भाशयाचं अस्तर टिकवून धरतो, पण त्याचं आयुष्य साधारण १२ ते १४ दिवसांचं. गर्भ राहिला नाही तर तो सुकतो, हार्मोन उतरतं, अस्तर गळतं, पाळी. म्हणून दिवस पुढून नाही, मागून मोजायचे. ३५ वजा १४, म्हणजे तुमच्याकडे २१व्या दिवसाच्या आसपास.

बीज सुटल्यावर जेमतेम १२ ते २४ तास टिकतं. शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत जगू शकतात, पण बरेचसे त्याआधीच संपतात. तुमची एसटी २१ तारखेची आणि तुम्ही १४ तारखेला स्टँडवर जाऊन परत येताय. १६ ते २२ एक दिवसाआड ठेवा, टेन्शन न घेता. तिला अंगावरून कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं, ताणलं तर तार येणारं पांढरं जायला लागलं की समजा दिवस जवळ आलेत. मेडिकलमध्ये लघवीत एलएच तपासायच्या पट्ट्या मिळतात त्याही चालतील.

कोपऱ्यावरचा_पंक्चरवाला:
ताईंनी अर्धी बाजू सांगितली, आपल्या बाजूचं मी सांगतो कारण दोन वर्षांपूर्वी मी याच रिपोर्टने रात्रभर जागलोय.

शुक्राणू रोज तयार होतात हे खरं पण एक तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, आणि वृषणातून निघाला तरी त्याला पोहता येत नाही. मागच्या बाजूला गुंडाळलेली एक नळी असते, सरळ केली तर सहा मीटरच्या आसपास भरेल, तिच्यातून सरकायला अजून दहा-बारा दिवस आणि तिथे तो पोहायच्या लायकीचा होतो. म्हणजे आज डबीत दिलेला माल जवळजवळ तीन महिन्यांपूर्वी घातलेलं लोणचं आहे. मध्येच १०३ ताप आला तर बरणीत पाणी गेलंच. वृषणं शरीराबाहेर लोंबतात ती उगाच नाही, त्यांना अंगापेक्षा दोन-तीन डिग्री सेल्सिअस कमी लागतं, म्हणून मांडीवर लॅपटॉप पण बंद करा. डॉक्टरांनी मला तीन महिन्यांनी परत टेस्ट करायला लावली होती, त्याआधी संबंधात दोन ते सात दिवस गॅप ठेवून. नॉर्मल मोटिलिटीची खालची हद्द ४० टक्क्यांच्या आसपास धरतात, माझे २२ चे ४८ झाले, मला टायफॉईड होता.

बापूराव_जुने:
संबंधानंतर बायकोला उशी देऊन पाय वर करून अर्धा तास झोपवा, सगळं बाहेर येतं म्हणून राहत नाही. आणि अश्वगंधा दुधातून.

ओपीडीतली_ताई:
बापूकाका, बाहेर येतं ते बहुतेक नुसतं पाणी हो. वीर्यात शुक्राणूंचा वाटा अगदी थोडा, बाकी शुक्राशय आणि प्रोस्टेटचा द्रव. पोहणारे काही मिनिटांत गर्भाशयाच्या तोंडाशी चिकट स्रावात शिरलेले असतात. तिथून पुढे लाखोंतले फार थोडेच गर्भनळीपर्यंत पोचतात, आणि भेट होते ती पिशवीत नाही, नळीत. तो गर्भ तीन-चार दिवसांनी पिशवीत उतरतो. म्हणून नळ्या उघड्या आहेत का हे बघावं लागतं. उशी घेतली तर नुकसान नाही, पण पोरीला अर्धा तास छताकडे बघायला लावू नका. अश्वगंधा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

दादा, एरवी पस्तिशीच्या आत वर्षभर थांबा म्हणतात, पण रिपोर्ट कमी आलाय तर आत्ताच दोघं एकत्र जा, एकटी तिला पाठवू नका.

वरणभात_९१:
ताई, भाऊ, खूप आभार. बायकोला हे सगळं वाचून दाखवलं, ती म्हणाली पांढऱ्याचं मला माहीत होतं, तू विचारलंच नाहीस कधी 🤦 आज तिचा १२वा दिवस आहे. आईला लोणच्याची गोष्ट कशी सांगू तेवढं कुणीतरी सुचवा.