विधानसभा हरल्यावर मतदारसंघात पक्ष पुन्हा उभा करायचा, तर सुरुवात कुठून?

माणदेशी
डिसेंबर २०२४. निकाल लागून दोन आठवडे झाले. मतदारसंघ ग्रामीण, एक नगरपरिषद, बाकी गावं आणि वाड्या. मतदार सव्वातीन लाखांच्या घरात, बूथ ३४०. पक्षाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हरलेल्या कुठल्याही पक्षाला पडावा असा हा प्रश्न आहे. मे महिन्यात लोकसभेला इथे बावीस हजारांची आघाडी होती, नोव्हेंबरात विधानसभेला एकतीस हजारांनी पराभव.

चिंतन बैठकीत तीनच गोष्टी निघाल्या : उमेदवार चुकला, लाडकी बहीण चालली, तालुकाध्यक्ष बदला. तिन्हींत तथ्य असेलही, पण उद्या सकाळी कुणी काय करायचं हे त्यातून निघत नाही. जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगरपरिषद कधीही लागू शकतात. संघटनेचं काम जवळून माहीत असलेल्यांनी नेमकं सांगावं : आधी काय, मग काय, आणि कुठे घोळ होतो.

कृष्णाकाठ
आधी तारखा. निकाल २३ नोव्हेंबरचा. उमेदवाराच्या खर्चाचा हिशेब ३० दिवसांत, म्हणजे २३ डिसेंबरपर्यंत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे गेलाच पाहिजे. हरलेला उमेदवार नेमका इथे ढिला पडतो. हिशेब दिला नाही, तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. निवडणूक याचिकेची मुदत ४५ दिवस, म्हणजे ७ जानेवारी. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पाच टक्के यंत्रांची तपासणी मागता येते, पण त्याची सात दिवसांची मुदत संपली. पुरावे असतील तर याचिका वकिलावर सोपवा आणि संघटनेचे लोक त्यातून मोकळे ठेवा.

आता मुख्य काम : नमुना २०. प्रत्येक बूथवर कुणाला किती मतं, त्याचा तक्ता. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडून घ्या; मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरही पीडीएफ येते. लोकसभेचा आणि विधानसभेचा, दोन्ही एक्सेलमध्ये उतरवा. दोन माणसं, चार-पाच दिवस. रकाने : गाव, बूथ, एकूण मतदार, झालेलं मतदान, आपली मतं, मुख्य विरोधकाची, बंडखोराची, इतर, नोटा. २०१९ चे आकडे जोडायचा मोह होईल, पण तेव्हाचे पक्ष आणि आघाड्याच आज तशा राहिलेल्या नाहीत. तुलना २०२४ च्या दोन निवडणुकांचीच खरी.

तक्ता झाला की बूथ चार ढिगांत पडतात. समजा, एका बूथवर लोकसभेला ७६० मतदान झालं : आपली ४३०, विरोधकाची २९०, इतर ४०.

पहिला ढीग : विधानसभेला मतदान ८७०, आपली ४१८, विरोधकाची ४०२, इतर ५०. इथे आपली माणसं जवळपास तेवढीच राहिली. नव्याने बाहेर पडलेली शंभरावर मतं सगळी समोर गेली. राज्यात मतदान २०१९ ला ६१ टक्क्यांच्या आसपास होतं, यंदा ६६ झालं. असे बूथ तुमच्याकडे पुष्कळ निघतील. इथल्या कार्यकर्त्याला दोष देऊ नका, त्याने आपलं घर राखलंय. जी घरं त्याच्या ओळखीतच नाहीत, तिथे पोहोचणारं माणूस हवं, आणि बहुतेक ठिकाणी ते बाईमाणूस हवं.

दुसरा : मतदान ६५०, आपली ३१०, विरोधकाची ३००. आपली माणसं घरीच बसली किंवा गावातच नव्हती. यंदा ऊसगाळप १५ नोव्हेंबरला सुरू झालं आणि मतदान २० ला. ऊसतोडीला जाणारी गावं असतील तर ती वेगळी काढा. तिथे नाराजी शोधत बसलात तर चुकीचं औषध द्याल.

तिसरा : आपली १४० कमी, बंडखोराला १३०. हा मतदार गेलेला नाही, रुसलेला आहे.

चौथा : मतदान तेवढंच, आपली १३० कमी, विरोधकाची तेवढीच जास्त. खरी फूट ही. असे बूथ वाटतात त्यापेक्षा कमी निघतात, म्हणून हा ढीग वेगळा काढल्याशिवाय 'लोक आपल्याला सोडून गेले' असं म्हणू नये.

घोळ कुठे होतो? लोकसभेनंतर बूथची फेररचना झाली. नवे बूथ निघाले, क्रमांक सरकले. क्रमांकाला क्रमांक जुळवलात तर सगळा तक्ता खोटा ठरतो. गाव, शाळा आणि खोली बघून जुळवा. जमत नसेल तर अख्ख्या गावाची बेरीज घ्या. टपाली मतं बूथमध्ये येत नाहीत, शेवटी वेगळी असतात.

अजून एक. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष पोलिंग एजंटला १७-सी ची, म्हणजे त्या बूथवर किती मतं नोंदली गेली त्या हिशेबाची, प्रत देतो. पक्षाकडे परत आलेल्या प्रती मोजा. ३४० पैकी जितक्या कमी, तितक्या बूथवर तुमचा माणूस शेवटपर्यंत नव्हता, किंवा होता पण कागद घेऊन आला नाही. कागदावरच्या बूथ कमिट्यांची खरी संख्या यातून कळते.

रेवती
कृष्णाकाठांच्या तक्त्याला मतदार यादीची जोड हवी. मतदान केंद्रातली अधिकृत खुणा केलेली यादी सीलबंद होते आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय उघडत नाही. कोण आलं, कोण आलं नाही याची नोंद फक्त आपल्या एजंटने टिक केलेल्या यादीत असते. ती रद्दीत जायच्या आत आजच गोळा करा. महिन्याभराने एकही मिळणार नाही.

मग बूथस्तरीय प्रतिनिधी, म्हणजे बीएलए. पक्ष आधी बीएलए-१ नमुन्यात आपला अधिकृत माणूस कळवतो आणि तो बीएलए-२ भरून बूथवर प्रतिनिधी नेमतो. त्याच यादीतला मतदार नेमा. बीएलओ, म्हणजे बूथची मतदार यादी सांभाळणारे आयोगाचे कर्मचारी, शिक्षक, अंगणवाडी ताई असे कुणी असतात. निवडणूक नसताना त्यांच्याशी नीट बोलणारा, अर्ज व्यवस्थित भरणारा माणूस हवा. भाषण करणारा नको. बीएलएला एका दिवसात दहाच अर्ज देता येतात, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात गठ्ठा नेऊन उपयोग नाही.

वर्षातून चार अर्हता दिनांक (ज्या तारखेला १८ वर्षं पूर्ण हवीत) आहेत : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. कॉलेज, आयटीआयच्या मुलांचा नमुना ६ (नवीन नाव नोंदवायचा अर्ज) त्याच हिशेबाने. लग्न होऊन आलेल्या मुलींचं नाव माहेरीच राहतं, त्यांचा नमुना ८ (पत्ता बदलण्याचा अर्ज). मयत आणि कायमचे गेलेले यांची नावं काढायला नमुना ७, पण तो जपून. विरोधकांची नावं काढायला कुणी वापरला तर खोट्या माहितीबद्दल गुन्हा होतो, आणि गावात ते कायम लक्षात राहतं.

स्थानिक निवडणुकीत अनेकांचा इथेच घात होतो. राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी घेतो आणि प्रभाग, गण, गट असे तुकडे करतो. प्रारूप यादी आल्यावर जी हरकत घेता येते, ती 'हा मतदार चुकीच्या प्रभागात टाकलाय', 'विधानसभेच्या यादीत असलेलं नाव इथे गळालंय' अशा चुकांपुरतीच. विधानसभेच्या यादीत नसलेलं नवीन नाव तेव्हा घालता येत नाही. हरकतीला दिवसही थोडेच मिळतात. यादीचं काम आत्ता करायचं, ते म्हणूनच.

शिवार
बूथ आणि यादी ठीक, पण ग्रामीण मतदारसंघात पक्ष टिकतो तो मधल्या निवडणुकांवर. विकास सोसायटीचं (शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या गावच्या सहकारी संस्थेचं) संचालक मंडळ हातात असेल, तर बाजार समितीत मत असतं. बाजार समितीचे १८ संचालक : ११ सोसायट्यांमधून, ४ ग्रामपंचायतींमधून, २ व्यापारी, १ हमाल-तोलारी. म्हणजे १८ पैकी १५ जागा गावातले सोसायटीचे संचालक आणि ग्रामपंचायत सदस्य ठरवतात. सोसायटीचाच प्रतिनिधी पुढे जिल्हा बँकेत मत देतो. एक सोसायटी गेली की वरच्या पायऱ्याही निसटतात.

ग्रामपंचायत पक्षचिन्हावर होत नाही, म्हणून तालुका कमिट्या तिकडे लक्ष देत नाहीत. जानेवारी २०२१ मध्ये मतदान झालेल्या ग्रामपंचायतींची मुदत २०२६ च्या सुरुवातीला संपते. आपल्या तालुक्यातली अशी गावं मोजा. बऱ्याच सोसायट्यांच्या निवडणुका २०२२ च्या आसपास झाल्या, म्हणजे पुढच्या २०२७ च्या सुमारास. नव्या सभासदाला पहिली दोन वर्षं मतदान करता येत नाही. म्हणून तरुण शेतकऱ्यांना सभासद करून घ्यायचं तर या एक-दोन हंगामांत. थकबाकीदार संचालक होऊ शकत नाही, हेही बघून ठेवा. ऐन छाननीत उमेदवार बाद होतो आणि पॅनेल मोडतं.

एक सावधगिरी. सोसायटीत भाऊबंदकी आणि पाणी यांवर पॅनेल बनतात. तिथे पक्षाची शिस्त लादू नका. आपल्याच दोन गटांत लढत होत असेल, तर तालुक्याने कुणाचीही बाजू घेऊ नये.

जुना वाचक
वरचे तिन्ही प्रतिसाद उपयोगी आहेत, पण त्यातून एक गैरसमज होईल की संघटना नीट केली की पक्ष परत येतो. इतिहास तसं सांगत नाही. भाजपला १९८४ च्या लोकसभेत ७.७४ टक्के मतं आणि २ जागा. १९८९ ला ११.३६ टक्के आणि ८५ जागा. मतं साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढली, जागा चाळीस पटींहून जास्त! मधल्या पाच वर्षांत संघटना वाढली, नेतृत्व बदललं, राम मंदिराला पाठिंबा देणाऱ्या पालमपूरच्या ठरावाने भूमिका पक्की झाली; पण मतांचं जागांत एवढं रूपांतर झालं ते बहुतेक ठिकाणी जनता दलाशी झालेल्या जागावाटपामुळे. समोरासमोर एकच लढत. उलट काँग्रेस १९७७ ला १५४ वर आली, १९७८ च्या सुरुवातीला फुटली, चिन्हही नवं घ्यावं लागलं, आणि तरी १९८० ला ३५३ घेऊन परतली. बिहारमध्ये दलितांचं हत्याकांड झालेल्या बेलछीला इंदिरा गांधी चिखलातून हत्तीवरून पोहोचल्या, ते पराभवानंतर पाचच महिन्यांनी. लोक संकटात असताना तिथे जाणं आणि सत्ताधाऱ्यांची आपसातली भांडणं, या दोन गोष्टींनी जेवढं केलं तेवढं सभासद नोंदणीने केलं नसतं.

म्हणून माणदेशी, तक्ता करताना एक रकाना वाढवा : आपली आणि मित्रपक्षांची बेरीज बूथवर खरोखर झाली का? लोकसभेला महाविकास आघाडीने राज्यात ४८ पैकी ३० जागा घेतल्या आणि सहा महिन्यांत विधानसभेला तिन्ही पक्ष मिळून २८८ पैकी ४६ वर आले. संघटना सहा महिन्यांत मोडत नसते.

चिन्हाचाही विचार करा. साताऱ्यात लोकसभेला ३२,७७१ चा फरक होता आणि हरलेल्या राष्ट्रवादीच्या (शरद पवार) 'तुतारी'शी साम्य असलेल्या 'पिपाणी' चिन्हाच्या अपक्षाला ३७,०६२ मतं पडली. तुमच्याकडे नाव किंवा चिन्ह सारखं असलेल्या अपक्षाने किती घेतली, ते 'इतर' मध्ये लपू देऊ नका.

कृष्णाकाठ
जुना वाचक, पटलं. मित्रपक्षाचा रकाना हवाच. फक्त आघाडी वर ठरते, तालुक्याच्या हातात ती नाही. बूथवर कुणीतरी असणं तालुक्याच्या हातात आहे. दोन्ही कामं वेगवेगळ्या माणसांची.

माणदेशी
सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी राहिल्या. बंडखोरांचं काय करायचं, आणि पैसा? हरलेल्या पक्षाच्या कार्यालयाचं भाडं द्यायलाही कुणी पुढे येत नाही.

जुना वाचक
बंडखोर आणि त्याच्यामागे गेलेला कार्यकर्ता यांना एकाच मापाने मोजू नका. सरसकट निलंबनाची पत्रं काढली तर तिसऱ्या ढिगातले सगळे बूथ कायमचे घालवाल. उमेदवारापुरती कारवाई करा. बाकीच्यांकडे तालुकाध्यक्षाने स्वतः जावं, कार्यालयात बोलावू नये. आणि तालुकाध्यक्ष बदलायचाच असेल तर तक्ता पूर्ण झाल्यावर बदला. आधी बदललात तर नवा माणूस जुन्याच्या चुका शोधण्यात वर्ष घालवतो.

पैशाबद्दल ब्रिटनचं उदाहरण उपयोगी पडेल. १९४५ ला काँझर्व्हेटिव्ह पक्ष वाईट हरला. लॉर्ड वूल्टन अध्यक्ष झाल्यावर सभासद आणि निधी मोठ्या प्रमाणावर गोळा केला. पुढे मॅक्सवेल फाइफ समितीच्या शिफारशीवरून उमेदवाराने मतदारसंघाच्या पक्षाला द्यायची वर्गणी वर्षाला २५ पौंडांवर आणली. पैसेवाल्याला तिकीट विकत घेता येऊ नये, आणि स्थानिक पक्षाने आपला खर्च स्वतः उभा करावा, म्हणून. १९५१ ला तो सत्तेत परतला. उमेदवाराच्या खिशावर चालणारं कार्यालय उमेदवार पडला की बंद होतं, हे आपल्याकडेही तितकंच खरं.

रेवती
व्यवहारातलं सांगते. बूथमागे दहा घरं, महिन्याला ५० रुपये. शंभर बूथवर जरी जमलं तरी ५०,००० होतात. भाडं, वीज, एक पूर्णवेळ मुलगा किंवा मुलगी आणि झेरॉक्स निघते. पण रक्कम पक्षाच्या अधिकृत खात्यातूनच फिरली पाहिजे आणि पावती प्रदेश कार्यालयाची हवी. २,००० रुपयांवरची देणगी रोखीने घेऊ नका, पक्षाची करसवलत अडचणीत येते. कार्यकर्त्याच्या वैयक्तिक खात्यावर यूपीआय तर अजिबातच नको. पहिलं भांडण तिथूनच सुरू होतं. जमाखर्च दर महिन्याला कार्यालयाच्या भिंतीवर लावा.

माणदेशी
१७-सी च्या प्रती मोजल्या. ३४० पैकी १९६.

कृष्णाकाठ
मग उरलेल्या १४४ बूथची यादी हाच तुमचा पहिला कागद. त्यांची गावं करा, नव्वदेक भरतील. रोज एक गाव, दोघांनी जायचं, संध्याकाळी सातनंतर, रानातून माणसं परत आल्यावर. गाडीला झेंडा नको, बरोबर उमेदवार नको. तीनच प्रश्न विचारा : मतदानाच्या दिवशी आपला माणूस कुठे होता, यादीत कुणाचं नाव नाही, आणि या गावात लोक अडल्यावर कुणाकडे जातात. तिसऱ्या प्रश्नाला जे नाव दोन-तीन घरांत येईल ते लिहून घ्या. ते नाव आपल्या पक्षाचं नसलं तरी लिहा. बीएलए-२ वर सही घ्यायची घाई पहिल्या भेटीत करू नका. दुसऱ्या भेटीला, त्यांनी सांगितलेलं एखादं अर्जाचं काम मार्गी लावून मग जा.