ब्राह्मी रोज किती घ्यायची? चूर्ण आणि कॅप्सूल दोन्ही चालू आहे

सदाशिवपेठ_अभ्यासिका
नमस्कार, मी २६ वर्षांची, पुण्यात एमपीएससीचा अभ्यास करतेय. वाचलेलं टिकतच नाहीये, सकाळी पॉलिटीची कलमं पाठ केली की संध्याकाळी पाटी कोरी. आजीने गावाहून ब्राह्मीचं चूर्ण पाठवलंय, परसातलीच पानं सावलीत वाळवून केलेलं, म्हणाली रोज सकाळी उपाशीपोटी एक चमचा दुधातून घे. रूममेटने कॅप्सूल पण दिल्यात, त्यावर ब्राह्मी एक्स्ट्रॅक्ट ३०० एमजी लिहिलंय, सकाळी एक रात्री एक. दहा दिवस झाले दोन्ही घेतेय आणि चार दिवसांपासून सकाळी मळमळतं, दोन-तीनदा पातळ पण होतंय. डोस जास्त होतोय का? रोज किती घेतली तर चालते? थायरॉइडची ५० ची गोळी चालू आहे, तीही सकाळीच असते. परीक्षा जवळ आलीय, प्लीज सांगा.

आगरातली_काकू
पोरी, आधी आजीला फोन करून विचार की पान कसं होतं. आमच्याकडे रत्नागिरीत ब्राह्मी म्हणून ज्याची चटणी करतात तो कारिवणा, गोल पान, कडेला बारीक दाते, एका लांब देठावर एकच पान, आगरात पाटाच्या कडेने पसरतो. आणि दुकानातल्या कॅप्सूलमध्ये बहुतेक नीरब्राह्मी असते, तिची पानं बारकी, जाडसर, समोरासमोर, फूल पांढरं-जांभळट. दोन्ही वेगळ्या वनस्पती आहेत, नाव तेवढं एक झालंय. आणि पाणी कुठलं तेही विचार, सांडपाण्याच्या नाल्याकडेची असेल तर अजिबात घेऊ नको, नीरब्राह्मी तर घाण पाण्यातलं शिसं आणि कॅडमियम ओढून घेते.

वैद्य_बीएएमएस
काकूंनी मुद्द्याचं सांगितलं. चरकाने जी चार मेध्य म्हणजे बुद्धी-स्मरणशक्तीची रसायनं सांगितलीत त्यात मंडूकपर्णीचा स्वरस म्हणजे ताजा रस, दुधातून ज्येष्ठमधाचं चूर्ण, गुळवेलीचा स्वरस आणि शंखपुष्पीचा कल्क म्हणजे वाटलेला गोळा आहे, यातली मंडूकपर्णी म्हणजेच कारिवणा. आता मात्रा. आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या सरकारी प्रमाणग्रंथात, नीरब्राह्मीचं चूर्ण दिवसाला १ ते ३ ग्रॅम आहे आणि मंडूकपर्णीचं ३ ते ६ ग्रॅम. एक्स्ट्रॅक्टचा म्हणजे अर्काचा हिशोब मात्र पूर्ण वेगळा, चूर्णाचे ग्रॅम आणि एक्स्ट्रॅक्टचे मिलिग्रॅम एकमेकांना लावता येत नाहीत. माणसांवरच्या बऱ्याच चाचण्यांत बॅकोसाइड्सचं (नीरब्राह्मीतल्या मुख्य घटकांचं) प्रमाण ठरवलेला एक्स्ट्रॅक्ट दिवसाला ३०० एमजी दिला होता आणि तोही १२ आठवडे. मेलबर्नच्या संशोधकांनी २००१ मध्ये दोन्ही करून पाहिलं, एकाच डोसने दोन तासांत काही फरक दिसला नाही, १२ आठवड्यांनी शिकण्यात आणि माहिती पकडण्याच्या वेगात दिसला. म्हणजे परीक्षा जवळ आली म्हणून डोस दुप्पट करून काही हाती लागत नाही. तुम्ही ६०० एमजी एक्स्ट्रॅक्ट आणि वर चमचाभर चूर्ण घेताय, तेही रिकाम्या पोटी. मळमळ आणि जुलाब हा ब्राह्मीचा नेहमीचा त्रास आहे, जेवणानंतर घेतली की पुष्कळ कमी होतो. पण तूर्त दोन्ही बंदच करा. उंदरांवरच्या प्रयोगात ब्राह्मीने टी-फोर हे थायरॉइडचं हार्मोन वाढलेलं दिसलंय, माणसात तसंच होईल असं नाही, पण थायरॉइडची गोळी चालू असताना डॉक्टरांना न सांगता सुरू करायची नाही. झोपेच्या गोळ्या चालू असतील किंवा नाडी मंद असेल तरी हेच, आणि गरोदरपणात स्वतःच्या मनाने नाहीच.

परळचा_दादा
गोळ्यांचा विषय निघालाय म्हणून लिहितोय. माझ्या धाकट्या भावाला फिट्सचा त्रास, फेनिटॉइन हे फिट्सचं औषध चालू होतं, दोन वर्षं एकही फिट नव्हती. दहावीला आईने स्मरणशक्तीसाठी शंखपुष्पीचं सिरप सुरू केलं, आयुर्वेदिक आहे त्याने काय होणार म्हणून डॉक्टरांना कुणी सांगितलंच नाही, आणि महिन्याभरात बाथरूममध्ये फिट आली, नळावर आपटून कपाळाला सहा टाके पडले. नंतर न्यूरोच्या डॉक्टरांनी सांगितलं की आपल्या केईएमच्याच डॉक्टरांचा १९९२ चा पेपर आहे, शंखपुष्पीच्या औषधाने फेनिटॉइनची रक्तातली पातळी खाली येते. आईला अजूनही ते आठवलं की रडू येतं. ताई तुझी गोळी वेगळी आहे पण कळकळीने सांगतो, जे काय घेतेस ते सगळं एका कागदावर लिहून डॉक्टरांना दाखव.

सदाशिवपेठ_अभ्यासिका
सगळ्यांचे मनापासून आभार. आजीला विचारलं, गोलच पान, विहिरीजवळचं, म्हणजे कारिवणाच. चमचा खालच्या किराणावाल्या काकांच्या काट्यावर तोलला, शीग लावून सात ग्रॅम भरला! आणि मी एवढे दिवस आजीचा एक चमचा म्हणजे थोडंसंच समजत होते. दोन्ही बंद केलंय, तिसऱ्या दिवशी पोट जागेवर आलं. डॉक्टरांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करायला सांगितलाय, सहा महिने केलाच नव्हता. त्या म्हणाल्या विसरायला होणं थायरॉइडमुळेही असू शकतं, आणि झोप किती घेतेस विचारलं, मी पाच तास म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. थायरॉइडची गोळी आता उठल्या उठल्या नुसत्या पाण्याबरोबर, चहा अर्ध्या-पाऊण तासाने.

आगरातली_काकू
बरं केलंस. आजीला सांग चूर्ण डब्यात घट्ट झाकून ठेवलंय, नाहीतर तिला वाईट वाटेल. रिपोर्ट आला की कळव.