हॅश म्हणजे कूटलेखन नव्हे
'संकेतस्थळे पासवर्ड कूटबद्ध करून ठेवतात, त्यामुळे विदा (डेटा) चोरीला गेला तरी चिंता नाही' या विधानात थोडी दुरुस्ती सुचवतो. कूटबद्ध मजकूर किल्ली असल्यास पुन्हा वाचता येतो. पासवर्डचा मात्र हॅश (गणिती प्रक्रियेने काढलेला अक्षर-अंकांचा ठसा) काढून ठेवणे अपेक्षित असते आणि हॅशवरून मूळ शब्दाकडे नेणारी किल्लीच नसते. (म्हणूनच 'पासवर्ड विसरलो' म्हटल्यावर जुनाच पासवर्ड ईमेलने पाठवणाऱ्या संकेतस्थळापासून मी चार हात दूर राहतो.) तरीही नुसता हॅश पुरत नाही, कारण एकाच शब्दाचा हॅश नेहमी सारखाच येतो आणि चोर प्रचलित शब्दांचे हॅश आधीच काढून ताडून पाहू शकतो. २०१२ मध्ये लिंक्डइनचे उघड झालेले सुमारे ६५ लाख हॅश एसएचए-१ या हॅश काढण्याच्या वेगवान पद्धतीचे आणि 'सॉल्ट'विना होते. सॉल्ट म्हणजे हॅश काढण्यापूर्वी प्रत्येक पासवर्डला जोडलेली वेगवेगळी यादृच्छिक अक्षरे. ती गुप्त नसली तरी चालते, कारण त्यांच्यामुळे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी हॅश निराळे येतात आणि चोराला प्रत्येक खात्यासाठी पहिल्यापासून मेहनत करावी लागते. बीक्रिप्ट किंवा आर्गॉन२ या पद्धती हॅश काढण्याचे काम मुद्दाम संथ करतात. एसएचए-१ चा वेग मात्र इथे चोराच्याच पथ्यावर पडतो.