मदत हवी आहे: नाताळला ब्लँकेटं वाटून झाली, आता ऊसतोडवाल्यांसाठी आमच्या मंडळीने खरं काय करावं?

नमस्कार, श्रीरामपूर तालुक्यातल्या एका गावातली आमची चर्चची मंडळी, रविवारी उपासनेला शंभरेक माणसं असतात, मी तरुण संघाचं बघतो. हंगाम सुरू झालाय, बीड-पाथर्डीकडच्या टोळ्या आल्यात आणि चर्चच्या मागच्या पडीक रानात त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडल्यात. आम्ही दरवर्षी काय करतो तर नाताळच्या आठवड्यात ब्लँकेट, खाऊ, ग्रुप फोटो, संपलं. यंदा एका रविवारी याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय वाचला गेला, शेतं कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडतेय ते वचन, आणि उपासना सुटल्यावर पोरं म्हणाली दादा हे तर आपल्या मागच्या रानातच चाललंय की.

महिला संघाच्या ताया संध्याकाळी कोप्यांवर जाऊन बसतात. त्यांनी सांगितलं, एक बाई बाळंतीण, महिना पण झाला नाही, पहाटे चारला मोळ्या वाहायला फडात. का तर खाडा. कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं धरतात, एकजण जरी नाही आलं तरी मुकादम, म्हणजे टोळी आणणारा ठेकेदार, खाड्याचा दंड लावतो, तो उचलीत, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांत, चढतो, मग पुढच्या हंगामाला परत तोच मुकादम. नऊ-दहा वर्षांची पोरगी दिवसभर कोपीत धाकट्याला कडेवर घेऊन, तिची शाळा राहिली गावाकडे.

आता अडचणी. चर्चच्या पंचांपैकी दोघांचा स्वतःचा ऊस आहे, तोड वेळेवर यावी म्हणून तेच मुकादमाच्या मागे फिरतात, त्यामुळे विषय काढला की "चर्चने राजकारणात पडू नये" सुरू होतं. एक वडील तर वेगळंच म्हणाले, की आपल्याच पोरांना एससीचा दाखला नाही, अनुसूचित जातींच्या 1950 च्या आदेशात शीख 1956 ला घेतले, बौद्ध 1990 ला घेतले, आपण ख्रिस्ती अजून बाहेर, आधी स्वतःचं बघा. त्यांचं खोटं नाही हो, पण म्हणून मागच्या रानाकडे पाठ करायची का? आणि तिसरं म्हणजे गेल्या नाताळला आम्ही ब्लँकेटं वाटत असताना काही पोरं मोबाईल घेऊन आली, व्हिडिओ काढत "धर्मांतर करताय का" म्हणून. तेव्हापासून आमच्याच लोकांची कोप्यांकडे जायची टाप होत नाही.

पैसा फारसा नाही, अर्पणातून थोडाफार निघेल. कुठून सुरू करू?

निवृत्त बाई
शाळेपासून करा, त्याला कुणी नाही म्हणत नाही. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने शाळेचा दाखला नाही म्हणून जवळच्या जिल्हा परिषद शाळेला प्रवेश अडवता येत नाही, वयाप्रमाणे वर्गात बसवायचंच. स्थलांतर करणाऱ्या पोरांना शिक्षण हमी कार्ड असतं, ते गावाकडच्या शाळेने दिलेलं नसेल तर तिथल्या मुख्याध्यापकांना फोन लावा, मी नोकरीत असताना फोनवरच बरीच कामं केलीत. पण खरी गोम धाकट्या भावंडात आहे. ते अंगणवाडीत गेलं तरच थोरली मोकळी होते, म्हणून सेविकेला आधी भेटा. दुसरं रेशन. वन नेशन वन रेशन आल्यापासून बीडचं कार्ड तुमच्या गावच्या दुकानात चालतं, अंगठा लावून माणशी 5 किलो. बऱ्याच जणांना हे कुणी सांगितलेलंच नसतं आणि दुकानदार तर स्वतःहून सांगायचा नाही.

काळाकोट
मुकादमाशी थेट भांडायला जाऊ नका प्लीज. तुम्ही रविवारी घरी जाल, टोळी त्याच्याच हाताखाली राहणार, दुसऱ्या दिवशी तो कोप्या उठवून दहा किलोमीटरवर नेईल. त्यापेक्षा हिशोबाची वही. किती उचल घेतली, किती टन तोडला, खाडे किती लावले, हे ज्याचं त्याला लिहून द्यायचं, वही त्यांच्याकडेच ठेवायची. हंगामाच्या शेवटी तोंडी हिशोबात माणूस मरतो. उचल फिटली नाही म्हणून कुणाला जबरदस्तीने कामावर ठेवलं असेल तर तो 1976 च्या वेठबिगार कायद्याचा विषय, जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. तालुका विधी सेवा समितीत बायकांना वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. आणि खाडा किरकोळ समजू नका. बीडमध्ये बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या प्रकरणावर 2019 ला सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, तेव्हा पाळीत खाडा पडतो हेही कारण पुढे आलं होतं.

वसईचा
व्हिडिओवाल्यांचं टेन्शन समजू शकतो. आमच्याकडे ऐंशीच्या दशकाच्या शेवटी जमीन आणि पाण्यासाठी आंदोलन उभं राहिलं, पुढे होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो, पण समितीचं नाव हरित वसई संरक्षण समिती. नावात चर्च नाही, सोबत हिंदू शेतकरीही होते. तुम्ही पण गावातल्या शाळेचे सर, आशाताई, एखादा वारकरी बुवा असे चारजण बरोबर घ्या. पत्रकं, शुभवर्तमानाच्या प्रती अजिबात नेऊ नका. कोपीवर गेल्यावर प्रार्थना त्यांनी मागितली तरी त्या दिवशी नको, हे माझं मत, कुणाला पटणार नाही. आणि एक खोचक प्रश्न: चर्च झाडणाऱ्या मावशींना महिन्याला काय देता तुम्ही? पंच लोक तिथेच पकडतील तुम्हाला.

धागाकर्ता
बाई, काळाकोट, वसईकर, तिघांचे आभार. मावशींचा प्रश्न लागला, त्यांना वर्षानुवर्षं तेच मानधन चालू आहे, बैठकीत पहिला मुद्दा तोच घेतो. आशाताई आमच्या गल्लीतल्याच आहेत, त्या हो म्हणाल्या. वहीचं पोरांना आवडलं, पण कोप्यांवर आधी ओळख होऊ दे, नाहीतर आम्हीच कारखान्याची माणसं वाटू.

आणखी एक सुचलंय. बायका कॅनॉलवरून हंडे आणतात आणि चर्चच्या आवारात आमची बोअर आहे, भिंतीतून एक नळ कोप्यांच्या बाजूला काढला तर पाईप आणि प्लंबर एवढाच खर्च. सोबत आंघोळीला पत्र्याचा आडोसा. ऊसवाले पंच यालाही राजकारण म्हणतात का ते रविवारी कळेलच. फक्त बोअरची मोटर चर्चच्या मीटरवर आहे, पाणी बाहेर दिलं तर वीज कंपनी काही हरकत घेते का, कुणाला माहिती असेल तर शनिवारच्या आत सांगा.